दहा अकराला दार: उशिरा येणारी मुलं, उशिरा येणारी जर्नलं

खडूफळा (मंगळवार, रात्री ९.४०)

मी एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते. वर्गाचे नियम माझे नाहीत, जुन्या विभागप्रमुखांकडून कपाटाच्या किल्ल्यांसोबत मिळाले. पहिला तास दहाचा. दहा दहाला दार बंद. जर्नल पुढच्या प्रॅक्टिकलच्या आत तपासून घ्यायचं. आठवडा उलटला की दहातले दोन गेले, दुसरा उलटला की चार. नऊ वर्षं मी हे चालवलं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या गुरुवारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दहा अकराला आली. चौतीस किलोमीटरवरच्या गावातून येते. गावात रात्री मुक्कामाला असलेली एसटी सव्वाआठला सुटते, साडेनऊच्या सुमारास स्टँडला लागते. ती चुकली तर पुढची गाडी दुपारी. त्या दिवशी ओढ्यावर पाणी होतं, गाडी अलीकडेच थांबून राहिली. स्टँडवरून कॉलेज दोन किलोमीटर, ते ती जवळजवळ पळत आली असणार.

दार बंद दिसलं म्हणून तिने वाजवलंच नाही. तास संपवून मी बाहेर आले तर जिन्यात बसलेली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, आणि जर्नल युरियाच्या गोणीतलं आतलं प्लॅस्टिक असतं ना, त्यात गुंडाळलेलं. ते मात्र कोरडं ठणठणीत. सहाही प्रयोग लिहिलेले, आकृत्यांसकट.

त्याच तासाला पहिल्या बाकावर हॉस्टेलचा एक मुलगा नऊ एकोणसाठला येऊन बसला होता. त्याच्या जर्नलवर नाव आणि रोल नंबर, आत सगळं पांढरं. हजेरीपटावर तो 'पी' आणि ही 'ए'. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की डिटेन करायची, म्हणजे परीक्षेला बसू न द्यायची वेळ येते, त्यामुळे एका 'ए'लाही वजन असतं.

तुमच्याकडे काय नियम आहेत? 'जरा माणुसकी दाखवा' हा सल्ला कृपया नको. साठ जणांना ती सारखी कशी दाखवायची, हाच तर प्रश्न आहे.

डस्टर (मंगळवार, रात्री १०.१५)

ताई, तुमचे जुने विभागप्रमुख माझ्याच पिढीतले दिसतात. त्यांच्या बाजूने बोलतो.

दार बंद करण्याचा नियम वर्गातून आलेला नाही, वर्कशॉपमधून आलेला आहे. लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशिनवर, काम सुरू करण्याआधी पहिली दहा मिनिटं सूचनांची. चक (तो तुकडा, म्हणजे जॉब, पकडणारा जबडा) घट्ट केल्यावर चकची किल्ली काढून घ्या, बाह्या दुमडा, ओढणी-शर्ट आत खोचा, हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जाऊ नका. उशिरा आलेला मुलगा हे न ऐकता मशिनवर उभा राहतो. किल्ली चकमध्ये तशीच राहिली आणि मशिन चालू केलं तर ती गोफणीच्या दगडासारखी सुटते. मी ती एकदा पत्र्याच्या कपाटात रुतलेली पाहिलेली आहे. मधे कोणी उभं नव्हतं, एवढंच नशीब.

तेव्हा वर्कशॉपचं दार बंद म्हणजे बंद, गाडी बंद पडलेली असो की ओढा भरलेला असो. थिअरीच्या वर्गाला हाच नियम कोणी आणि का लावला ते मला सांगता येणार नाही. सवयीने लावला असावा.

जुना_बॅकबेंचर (मंगळवार, रात्री ११.०२)

सबमिशनचा विषय निघाला आणि मी गप्प बसेन? माझा डिप्लोमा होऊन पंधरा वर्षं झाली, पण सबमिशनचा आठवडा अजून स्वप्नात येतो.

ज्यांना 'जीटी' माहीत नाही त्यांच्यासाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. हॉस्टेलच्या खिडकीची काच काढायची, दोन खुर्च्यांवर आडवी टाकायची, खाली ट्यूबलाइट. काचेवर हुशार मुलाचं ड्रॉइंग शीट, त्यावर आपलं कोरं. खालून उजेड आला की फक्त रेघा गिरवायच्या. रात्री दोनपर्यंत एका काचेवर चार शीटं निघायची. मास्टर शीट देणाऱ्याला मिसळ.

आमच्या बॅचच्या मास्टर शीटमध्ये फ्रंट व्ह्यूमधली एक तुटक रेघ राहून गेली होती. ती रेघ मग तेवीस शीटांवर राहून गेली. सरांनी तेवीसही शीटांवर सही केली.

आणि जर्नलचं पहिलं पान आठवा. प्रयोगाची तारीख, सबमिशनची तारीख, शिक्षकांची सही. आम्ही चौदा प्रयोगांच्या तारखा एका बैठकीत, एकाच पेनने टाकायचो. फार फार तर मधे दोन ठिकाणी पेन बदलायचं, खरं वाटावं म्हणून. सरही एका बैठकीत चौदा सह्या करायचे आणि सहीखाली जुलै-ऑगस्टच्या तारखा घालायचे. महिना असायचा नोव्हेंबर. म्हणजे कागदावर बघाल तर आमच्या कॉलेजात इतिहासात कोणाचंच काही उशिरा आलेलं नाही.

तेव्हा 'दोन गुण कमी' वगैरे वाचून हसू आलं ताई. नियम असतो, पण तारीखच खोटी असते. (हलकं घ्या.)

ट्रॅकवर_पाणी (बुधवार, सकाळी ७.३०)

मुंबईत डिग्री कॉलेजला शिकवतो. आमच्याकडे ओढा नाही, कुर्ला-शीव आहे. जोराच्या पावसात रुळांवर पाणी आलं की कर्जत-कसाऱ्याकडची मुलं अडकतात आणि कॉलेजसमोर राहणारी मुलंही अडकतात, असा माझा अनुभव.

दोन वर्षांपूर्वी मी नियम केला: लोकल उशिरा असेल तर स्टेशनवरच्या इंडिकेटरचा फोटो ग्रुपवर टाका, हजेरी देतो. पहिले चार दिवस छान गेले. मग लक्षात आलं की सोमवारच्या, बुधवारच्या आणि शुक्रवारच्या फोटोत इंडिकेटरखाली एकच गृहस्थ उभे आहेत, पिवळी छत्री घेऊन. बिचारे आठवडाभर त्याच गाडीची वाट बघत होते.

फोटोची अट काढून टाकली. पुरावा मागितला की पुरावा तयार होतो. आता मी कारण विचारतच नाही. वर्गात या, मागच्या दाराने या, जागा मिळेल तिथे बसा. हजेरी मी तासाच्या शेवटी घेतो आणि त्याच वेळी अर्ध्या पानाचा एक प्रश्न लिहून घेतो. जो बसला आणि ऐकलं, त्याला तो येतो.

वडापाव_पार्टी (बुधवार, सकाळी ९.१०)

एवढं डोकं कशाला लावायचं? दंड ठेवा. उशिरा आलास, वीस रुपये. जर्नल उशिरा, पन्नास. महिन्याच्या शेवटी त्या पैशांतून वर्गाला वडापाव. आमच्या क्लासमध्ये हेच करायचे, सगळे वेळेवर यायचे.

गुणिले_शून्य (बुधवार, दुपारी १.४५)

वडापाव_पार्टी, दंडाबद्दल एक जुना आणि फार मजेशीर प्रयोग आहे. इस्रायलमध्ये हैफा शहरातली दहा पाळणाघरं. मुलांना न्यायला पालक उशिरा यायचे आणि बायांना ताटकळत बसावं लागायचं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकीनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांतल्या सहा ठिकाणी दंड सुरू करून पाहिला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर दहा शेकेल (तिथलं चलन). त्यांचा निबंध २००० साली आला.

उशीर कमी व्हायला हवा होता. झाला जवळजवळ दुप्पट. आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर तो त्यांना जादा वेळेचा दर वाटायला लागला: दहा शेकेल टाका आणि निवांत या. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशीर पहिल्या पातळीवर आला नाही. एकदा गेलेली लाज परत आली नाही.

आता हे खडूफळा ताईंच्या वर्गाला लावून बघा. हॉस्टेलचा मुलगा पन्नास रुपये आनंदाने देईल, वर वडापावही खाईल. आणि जिन्यात बसलेली मुलगी? एसटीचा विद्यार्थी पास असला तरी तिकिटाचा तिसरा हिस्सा तिला भरावाच लागतो. तिच्याकडून वीस रुपये घेऊन वर्गाला वडापाव खिलवणार का?

दोन गुण कापणं हासुद्धा दंडच आहे, फक्त नोटांऐवजी गुणांत. ज्याला पास होण्यापुरतंच हवंय तो मनात हिशेब करतो: दोन गेले तरी आठ राहतात, रविवारी बघू.

वडापाव_पार्टी (बुधवार, दुपारी २.०५)

पटलं. पण आमच्या क्लासमध्ये खरंच वेळेवर यायचे हो.

गुणिले_शून्य (बुधवार, दुपारी २.२०)

तिथे उशिरा आलेल्याने वडापाव आणायला जायचं, असं काही होतं का?

वडापाव_पार्टी (बुधवार, दुपारी २.३१)

होतं. पावसात. सगळ्यांसमोर हाक मारून पाठवायचे.

गुणिले_शून्य (बुधवार, दुपारी २.३३)

मग पैशांनी नव्हे, त्याने वेळेवर यायचे.

परिपाठ (बुधवार, रात्री ८.५०)

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, दुर्गम भाग. आमची पोरं लहान, तुमच्या जर्नलांपर्यंत पोचायला त्यांना दहा वर्षं आहेत. तरी लिहितो.

आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ मध्ये मारायला तर बंदी आहेच, मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. पोराला उशीर झाला म्हणून सगळ्यांच्या नजरेसमोर पायरीवर उभं करणं याच्यात बसतं की नाही, याचा प्रत्येक शिक्षकाने विचार करावा. तो कायदा आठवीपर्यंतचा, पॉलिटेक्निकला लागू नाही. पण अठरा वर्षांच्या पोरीलाही जिना तेवढाच गार लागत असेल.

दुसरं, वेळेचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, मुलांची झोप पुरी होत नाही या कारणाने. म्हणजे पोरं वेळेवर येत नसतील तर कधीकधी वेळेलाच हलवावं लागतं, हे सरकारलाही पटलेलं आहे. (बस आणि दुबार अधिवेशनाच्या शाळांची त्यात काय ओढाताण झाली तो वेगळा धागा होईल.)

आमच्याकडे उशिराचं कारण विचारलं तर शेळ्या सोडून आलो, धाकटीला अंगणवाडीत घालून आलो, नळाला पाणी आलं होतं. तिसरीतली पोरगी घरचं पाणी भरून येते, तिला काय शिकवू मी वक्तशीरपणा? ती माझ्याआधी उठलेली असते. मी एवढंच केलं, हजेरी परिपाठाआधी घ्यायचो ती परिपाठानंतर घेतो. आणि परिपाठात बातम्या वाचायचं काम ज्याला गोडी आहे पण उशीर होतो अशाच पोराला देतो. बातम्या वाचायच्या असल्या की शेळ्या लवकर सुटतात.

डस्टर (बुधवार, रात्री ९.३०)

गुरुजी, शेवटची ओळ आवडली. मान्य.

फेरीबोट (गुरुवार, सकाळी ८.२०)

पणजीहून. आमच्याकडे चोडण आणि दिवाडी बेटांवरून मुलं येतात, मांडवी ओलांडून, फेरीबोटीने. फेरी भरली की सुटते, पुढची येईपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं. गंमत अशी की बेटावरची मुलं सहसा वेळेवर असतात. त्यांना ठाऊक असतं की फेरी आपल्यासाठी थांबणार नाही, म्हणून एक आधीची पकडतात. उशिरा येतात ती पणजीतली, स्कूटरवाली, 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणणारी.

ओढ्याला पाणी येणं ही गोष्ट निराळी, ते रोज येत नाही. त्या मुलीच्या एका दिवसावरून नियम ठरवू नका, आणि त्या मुलाच्या एका दिवसावरूनही नको. वर्षभराचा हजेरीपट काढून बघा.

राईनकाठ (गुरुवार, दुपारी ३.१५, इकडे सकाळ)

जर्मनीत विद्यापीठात आहे. इथे 'शैक्षणिक पाव तास' नावाची जुनी प्रथा आहे. वेळापत्रकात दहा लिहिलं आणि पुढे 'सी.टी.' अशी अक्षरं असली की तास सव्वादहाला सुरू होतो. लॅटिनमध्ये 'कुम टेम्पोरे', म्हणजे वेळेसकट. 'एस.टी.' लिहिलं असलं की ठोक्याला, 'सिने टेम्पोरे', वेळेविना. पूर्वी विद्यार्थी गावभर पांगून राहायचे, मनगटी घड्याळं नव्हती. चर्चच्या घंटेचे ठोके ऐकून निघालं की पाव तासात पोचता यायचं, असं याचं कारण सांगतात.

आपल्याकडे 'एस.टी.' लिहिलं की नेमका उलटा अर्थ होतो, हे धागा वाचताना लक्षात आलं आणि एकटीच हसले.

पण पाव तास सरल्यावर इथे कोणी रेंगाळत नाही, आणि कागद द्यायची तारीख असली की ऑनलाइन खिडकी रात्री बारा वाजता बंद होते. माझी भाची इंग्लंडमध्ये शिकते, तिथे बऱ्याच ठिकाणी उशिराच्या दर दिवसाला ठरावीक गुण जातात. आजारपण, घरातला मृत्यू असं काही असेल तर वेगळा अर्ज, आणि तो शिकवणाऱ्याकडे जात नाही, कार्यालयाकडे जातो. भाची म्हणते, बरं आहे, सरांसमोर रडावं लागत नाही.

खडूफळा (गुरुवार, रात्री ९.५५)

सगळ्यांचे आभार. राईनकाठ, आमच्या कार्यालयात एकच क्लार्क आहेत आणि त्यांच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज कपाटाच्या उंचीएवढे. तेव्हा रडायला मीच आहे.

फेरीबोट, तुमचं ऐकून हजेरीपट काढला. जुलैपासून ती मुलगी चार वेळा उशिरा, चारही वेळा पावसाचे दिवस. तो मुलगा एकदाही नाही. हे मी कधी बघितलंच नव्हतं, 'ए' लिहायचे आणि पान उलटायचे.

डस्टर सर, वर्कशॉपचं पटलं. तिथे दार बंदच ठेवते.

तूप_साखर (गुरुवार, रात्री १०.२०)

इतका वेळ नुसती वाचत होते, एक विचारू? रागावू नका. जर्नल आठवड्यात द्यायचं हा मुलांचा नियम झाला. दिलेलं जर्नल तुम्ही किती दिवसांत तपासून परत देता?

मी शिकवत नाही, दोन मुलांची आई आहे. मोठा इंजिनिअरिंगला. त्याची पहिली असाइनमेंट दोन दिवस उशिरा गेली म्हणून गुण कापले, ते बरोबर. पण ती तपासून आली सेमिस्टर संपताना, नुसती बरोबरची खूण. त्याच चुका त्याने पुढच्या चारही असाइनमेंटमध्ये केल्या. कारण कोणी सांगितलंच नाही. उशीर नेमका कोणाचा झाला?

जुना_बॅकबेंचर (गुरुवार, रात्री १०.२५)

+१००. आणि ती तुटक रेघ.

खडूफळा (शुक्रवार, सकाळी ६.५०)

तूप_साखर, रागावले नाही, पण रात्री झोप नीट लागली नाही. गणपतीच्या आधी गोळा केलेली दोन बॅचची जर्नलं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर आहेत. त्या खुर्चीवर आता कोणी बसतही नाही, सगळ्यांना ती जर्नलांचीच वाटते.

गुणिले_शून्य (शुक्रवार, सकाळी १०.३०)

आता मूळ प्रश्नाकडे. सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकलणं हा आळशीपणा कमी आणि रचनेचा दोष जास्त आहे. २००२ मध्ये डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी एका अभ्यासक्रमात हे पाहिलं होतं. एका वर्गाला तीन निबंधांच्या तारखा सारख्या अंतराने ठरवून दिल्या, दुसऱ्याला आपापल्या ठरवायची मोकळीक दिली. ठरवून दिलेल्या वर्गाचे गुण वरचढ निघाले. मोकळीक मिळालेल्यांतही बऱ्याच जणांनी शेवटचा दिवस न धरता स्वतःहून आधीच्या तारखा घातल्या होत्या, कारण आपण कसे आहोत हे माणसाला माहीत असतं. (एरिएलींचं नाव पुढे एका दुसऱ्या निबंधातल्या आकड्यांमुळे खराब झालं, तो निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्याच्याशी याचा संबंध नाही, पण सांगितलेलं बरं.)

थोडक्यात, एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) मॅन्युअलमध्ये प्रत्येक प्रयोगापुढे गुण, तारीख आणि सही असते ती याचसाठी. प्रयोगागणिक तपासा, खरी तारीख घाला. तारीख खरी असली की गुण कापायची वेळ फारशी येत नाही.

खडूफळा (रविवार, सायंकाळी ६.१५)

काय ठरवलं ते लिहिते, मग धागा चालू द्या.

थिअरीचं दार उघडं. हजेरी शेवटी, ट्रॅकवर_पाणी यांच्यासारखी. वर्कशॉपला सूचना संपेपर्यंत दार बंद. उशिरा आलेल्याने आत येऊन त्याच सूचना माझ्यासमोर स्वतः म्हणून दाखवायच्या, मगच मशिनला हात. शुक्रवारी दोघांनी म्हणून दाखवल्या, एक चकच्या किल्लीचं विसरला, त्याला परत बाहेर पाठवला.

जर्नलला सरसकट आठवडा, पण माझ्यावरही तोच आठवडा. मी सात दिवसांत परत दिलं नाही तर त्या प्रयोगाचे उशिराचे गुण कोणाचेच कापायचे नाहीत. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या, त्या मुलाच्याच असाव्यात. ओढ्याला पाणी आलं तर? वर्षाला तीन प्रयोग कारण न सांगता उशिरा चालतील. कोणालाही, त्यालाही. फोटो नको, अर्ज नको.

त्या मुलीशी बोलले. गुरुवारचा 'ए' खोडून 'पी' करू का विचारलं. म्हणाली, "नको मॅडम, मी वर्गात नव्हतेच." मग तिने मला तो तास परत समजावून मागितला. चाळीस मिनिटं बसलो. खोडाखोड करण्यापेक्षा हे तिला जास्त कामाचं होतं आणि मी मात्र आधी खोडरबर पुढे केला होता.

आणि तारखा. बाजारातून तारखेचा शिक्का आणला, चाकं फिरवायचा असतो तो, जांभळ्या शाईच्या पॅडसकट. जर्नल हातात आलं की त्याच क्षणी शिक्का, मी परत देतानाही शिक्का. एकाच पेनने चौदा तारखा आता नाहीत. आज सकाळपासून खुर्चीवरची जर्नलं घरी आणून तपासतेय, पस्तीस झाली. प्रत्येकावर आजचीच तारीख उठतेय, गणपतीआधी घेतलेल्या जर्नलांवर. बघताना कसंसंच होतं, पण उठू दे.

डस्टर (रविवार, रात्री ८.००)

शाबास. शिक्का रोज सकाळी चहाच्या आधी फिरवायचा, नाहीतर कालचीच तारीख पडते. स्वानुभव.

जुना_बॅकबेंचर (रविवार, रात्री ८.१२)

ताई, चाकं मागेही फिरतात हं. शिक्का कुलपात ठेवा.